फोनसाठी पोर्टेबल कीबोर्ड घेताय? आधी तपासा, मग पैसे भरा



मागच्या भागात आपण फोनवरूनच कोटेशन आणि दरपत्रक कसं बनवायचं ते बघितलं. त्यानंतर बॅचमध्ये सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, सगळं पटलं, पण अंगठ्याने एवढं टाइप कोण करणार? लॅपटॉप आत्ता परवडत नाही. तो घडीचा छोटा कीबोर्ड मिळतो, तो घेऊन टाकू का?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे हातातला फोन. त्याला एक बरा कीबोर्ड जोडला तर ऑफिसचं निम्मं काम होतं. पण हाच कीबोर्ड न तपासता घेतला तर दोन आठवड्यांत कपाटावर जाऊन बसतो, आणि धंद्याच्या सुरुवातीला पंधराशे रुपये म्हणजे गंमत नाही. तेवढ्यात पॅकिंगच्या पिशव्या येतात, पहिल्या गिऱ्हाइकांना द्यायचे नमुने तयार होतात. म्हणून आजचा धडा थोडा सावकाश वाचा.

आधी आठवडाभराची नोंद करा

कीबोर्ड बघायच्या आधी एक वही घ्या आणि सात दिवस फक्त एवढंच लिहा: आज फोनवर मी काय काय टाइप केलं आणि त्याला किती वेळ गेला. आठवड्याच्या शेवटी त्या नोंदीचे तीन गट पडतील.

पहिला गट म्हणजे छोटी उत्तरं. "हो, आहे", "उद्या पाठवतो", "लोकेशन टाका". यासाठी कीबोर्ड लागत नाही, अंगठाच भारी.

दुसरा गट म्हणजे तेच तेच पुन्हा लिहिणं. दुकानाचा पत्ता, वेळ, बँकेचा तपशील, दर, डिलिव्हरीचे नियम. इथे खूप जण फसतात. त्यांना वाटतं आपला वेळ टायपिंगमध्ये जातोय, म्हणून कीबोर्ड हवा. अहो, जे रोज तेच लिहायचं आहे ते वेगाने लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून साठवून ठेवा ना! व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय नावाची सोय आहे. त्यात ५० पर्यंत तयार उत्तरं साठवता येतात, आणि चॅटमध्ये तिरकी रेघ म्हणजे स्लॅश टाकला की ती समोर येतात. फुकट आहे. तुमच्या वहीत दुसराच गट मोठा निघाला तर कीबोर्डचे पैसे वाचले असं समजा आणि आज संध्याकाळी बसून ती उत्तरं भरून टाका.

तिसरा गट म्हणजे प्रत्येक वेळी नवं, लांब लिखाण. लग्नाच्या केटरिंगचं कोटेशन, मुद्रा कर्जासाठी बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, नव्या उत्पादनाची माहिती, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला दिलेलं सविस्तर उत्तर, महिन्याच्या खर्चाची यादी. कीबोर्ड लागतो तो इथे. हा गट रोज अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर पुढचं वाचा. आठवड्यातून एकदाच येत असेल तर मी म्हणेन, सध्या थांबा.

हिशोबही करून बघू. समजा कीबोर्ड १,५०० रुपयांचा आहे आणि तो रोज १५ मिनिटं वाचवतो. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर सव्वासहा तास झाले. तुमच्या तासाची किंमत तुम्ही १०० रुपये धरता असं मानू. म्हणजे महिन्याला ६२५ रुपये, आणि अडीच महिन्यांत पैसे वसूल. कागदावर छान दिसतं. पण वाचलेली १५ मिनिटं रील बघण्यात गेली तर वसूल काहीच होत नाही. ती वेळ तुम्ही आणखी एक कोटेशन पाठवायला वापरणार असाल तरच हा हिशोब खरा. गिऱ्हाईक तीन ठिकाणी दर विचारतं. ज्याचं नीट लिहिलेलं कोटेशन त्याच संध्याकाळी पोचतं, त्याचा फोन आधी वाजतो.

ही अडचण जुनीच आहे

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण त्यातून निवड कशी करायची ते कळतं. १९९६ साली अमेरिकेत पाम पायलट नावाचा हातात मावणारा कॉम्प्युटर आला. डायरी, पत्ते, कामांची यादी, सगळं खिशात. त्यावर एका काडीने ग्राफिटी नावाच्या खास अक्षरपद्धतीत लिहावं लागायचं. चार ओळींपुरतं ठीक, पण मोठं लिखाण करायचं म्हटलं की लोक कंटाळायचे. मग काही वर्षांतच त्यासाठी स्टोअवे नावाचा घडीचा कीबोर्ड आला. चार घड्या घालून खिशात जायचा आणि उघडला की टेबलावरच्या कीबोर्डएवढी बटणं मिळायची.

बटणं लहान करून कीबोर्ड छोटा केलेला नव्हता, बटणं पूर्ण मापाची ठेवून घडी घातली होती. उपकरण कितीही लहान करा, माणसाची बोटं तेवढीच राहतात. आज दुकानात कीबोर्ड बघताना हाच पहिला निकष लावायचा.

मापाची पट्टी सोबत न्या

टेबलावरच्या नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. हे अंतर कमी झालं की बोट शेजारच्या बटणावर पडायला लागतं. १७ पर्यंत थोड्या सरावाने जमतं. १५ च्या आसपास आला तर तो कीबोर्ड दोन बोटांनी टिचकण्यापुरता.

जाहिरातीत हे अंतर क्वचितच लिहिलेलं असतं. मग ओळखायचं कसं? वरच्या ओळीत क्यू पासून पी पर्यंत दहा बटणं असतात, म्हणजे मध्ये नऊ अंतरं. क्यूच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत पट्टी लावा आणि नऊने भागा. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर हे १७१ मिलिमीटर म्हणजे १७ सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं. १५३ भरलं तर अंतर १७ चं. दुकानात पट्टी काढायला लाजू नका. कापड घेताना वार मोजून घेतोच की आपण.

ऑनलाइन घेताना पट्टी लावता येत नाही, पण कीबोर्डची एकूण लांबी दिलेली असते. सरळ समोरून काढलेला फोटो बघून क्यू ते पी हा भाग एकूण लांबीच्या किती टक्के आहे याचा अंदाज येतो. तेवढा अंदाज पुरतो.

घडीचा, सपाट की वायरचा?

घडीचे कीबोर्ड दोन प्रकारचे दिसतात. एकात मधोमध एकच घडी असते, दुसऱ्यात दोन बाजूंनी दोन. मधल्या घडीच्या कीबोर्डवर घडी नेमकी टी आणि वाय, जी आणि एच यांच्या मधून जाते. तिथे फट मोठी असते आणि बी चं बटण कधी डाव्या तुकड्यावर तर कधी उजव्या. ज्या हाताने तुम्हाला ते दाबायची सवय आहे त्या बाजूला आहे का, ते बघा. दोन घड्यांच्या कीबोर्डमध्ये मधला भाग सलग मिळतो, पण कडेची बटणं चिंचोळी केलेली असतात. या कडेच्या बटणांकडे मी पुढे परत येणार आहे, कारण मराठी माणसाचं सगळं गणित तिथेच अडतं.

घडीच्या कीबोर्डचा दुसरा त्रास म्हणजे मांडीवर तो टिकत नाही. एसटीत, लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहायचं असेल तर तो मधून वाकतो. उघडल्यावर बिजागरी घट्ट बसते का, ते हातात धरून बघा. तुमचं काम मुख्यतः दुकानाच्या काउंटरवर किंवा घरच्या टेबलावर असेल तर घडी हवीच कशाला? तेवढ्याच पैशांत सपाट, न दुमडणारा, पातळ ब्लूटूथ कीबोर्ड जास्त मजबूत मिळतो. पिशवीत आडवा मावला म्हणजे झालं. माझ्या मते दहापैकी सात जणांनी सपाटच घ्यावा. घडीचा दिसायला आकर्षक असतो, व्हिडिओत छान दिसतो, म्हणून त्याच्याकडे मन जास्त ओढतं.

रबराचा गुंडाळायचा कीबोर्ड मिळतो. पाणी सांडलं तरी चालतं म्हणून स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताईंना तो सुचवला जातो. पण बटण दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळत नाही, दोन पानं लिहिली की हात भरून येतो. टेबलावर लाल उजेडाने बटणं दाखवणारा लेझरवाला तर खेळणंच. दोन्ही सोडून द्या.

आणि एक गरीब पण कामाचा पर्याय: साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड आणि फोनला लावायचा छोटा ओटीजी कनेक्टर. सगळ्यात स्वस्त. चार्जिंग नाही, जोडणी नाही, लावला की चालू. तोटे दोन. फोनचं चार्जिंगचं भोक अडतं, आणि काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. पण एकाच जागी बसून काम असेल तर सुरुवातीला हाच पुरे. तुमच्या फोनला ओटीजी चालतं का, ते आधी बघून घ्या.

मराठीची परीक्षा, आणि ती फुकटात

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीतले परीक्षण-व्हिडिओ बघून कीबोर्ड घेतला की आपली गाडी इथे अडते, कारण त्यात मराठीचा विचारच नसतो.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. कीबोर्ड फोनला अक्षर पाठवत नाही. कोणतं बटण दाबलं त्याचा फक्त क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं 'के' करायचं की 'क', हे फोनमधलं सॉफ्टवेअर ठरवतं. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे, बटणांवर मराठी अक्षरं छापली आहेत म्हणून जास्त पैसे देऊ नका. छापलेलं अक्षर फक्त तुमच्या डोळ्यांसाठी आहे. हवं तर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा.

दुसरी म्हणजे, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर तुम्ही छान मराठी लिहिता म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर तसंच येईल असं धरून चालू नका. विशेषतः जे लोक इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवतात, म्हणजे स्क्रीनवर 'एन-ए-एम' असं दाबलं की 'नम' येतं, त्यांनी नक्की तपासावं. बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर स्क्रीनवरचं ॲप वेगळं वागू शकतं. एका फोनवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. भाषेची परीक्षा फोनची आहे, त्यामुळे ती करायला नवा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही! शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधला, भाच्याच्या कॉम्प्युटरचा, सायबर कॅफेतला, कुठलाही साधा यूएसबी कीबोर्ड दहा मिनिटं मागून घ्या. ओटीजी कनेक्टरने तुमच्या फोनला लावा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये भाषा आणि इनपुटच्या भागात फिजिकल कीबोर्ड अशी जागा असते. कंपनीप्रमाणे ती थोडी इकडेतिकडे सापडेल. तिथे मराठीची कोणती मांडणी मिळते ते बघा, निवडा आणि हे पाच शब्द लिहा: ऑर्डर, ॲडव्हान्स, दुसऱ्या, मिळाले, क्षमस्व.

पाचही धंद्यातले शब्द आहेत, आणि पाचांतही एकेक खोच आहे. दुसऱ्या मधला अर्धा ऱ नीट येतो की 'दुसर्या' असं होतं? ळ सापडतो का? ॲ च्या जागी हिंदीतला ऍ तर उमटत नाही ना? हे पाच शब्द तुमच्या फोनवर सरळ आले तर भाषेचा प्रश्न मिटला. नाही आले, तर दुकानातला सगळ्यात महागडा कीबोर्डही तो सोडवणार नाही. मग कीबोर्डसाठीचं दुसरं ॲप शोधावं लागेल. ॲप टाकताना जपून. तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसकट, असं ॲप वाचू शकतं, आणि अँड्रॉइड ते चालू करताना तशी सूचनाही देतं. कोणाचंही ॲप डोळे झाकून टाकू नका.

आता त्या कडेच्या बटणांचं बघू. सरकारी प्रमाण मांडणी आहे इनस्क्रिप्ट. त्यात काना-मात्रा साधारण डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. मांडणी शहाणपणाची आहे. के वर क, त्याच बटणावर शिफ्ट धरून ख. एल वर त, शिफ्टसह थ. शिकायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि एकदा बोटात बसली की जात नाही.

पण आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त अक्षरं लागतात, म्हणून इनस्क्रिप्ट विरामचिन्हांची बटणंही वापरते. च बसतो सेमीकोलनच्या बटणावर. ट त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर. य तिरक्या रेघेच्या म्हणजे स्लॅशच्या बटणावर. ड चौकोनी कंसाच्या बटणावर. आणि ऑर्डर मधला ऑ येतो उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर, शिफ्ट धरून.

छोट्या कीबोर्डचे कारखाने जागा वाचवायला सगळ्यात आधी कुठली बटणं कापतात? हीच! उजवीकडची विरामचिन्हं. कोणी ती अर्ध्या मापाची करतो, कोणी खालच्या ओळीत हलवतो, कोणी एफएन बटण धरल्याशिवाय मिळणार नाहीत अशी लपवतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला फरक पडत नाही, त्याला चौकोनी कंस वर्षातून दोनदा लागतो. आपलं काय होतं बघा. "पोह्याचा चिवडा अर्धा किलो पाठवायचा आहे" एवढं साधं वाक्य घ्या. त्यात य दोनदा, च तीनदा, ड एकदा आणि ठ एकदा. म्हणजे सात वेळा बोट त्या कडेच्या बटणांवर जाणार. दर वेळी एफएन धरायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तुम्ही परत अंगठ्यावर याल.

म्हणून इनस्क्रिप्टने लिहिणार असाल तर कीबोर्डच्या फोटोत आधी उजवी बाजू मोठी करून बघा. पी च्या पुढे कंसाची दोन बटणं, एल च्या पुढे सेमीकोलन आणि अवतरणचिन्ह, खालच्या ओळीत स्लॅश, आणि उलटी तिरकी रेघ. सहाही बटणं सुटी, पूर्ण मापाची आणि जागच्या जागी असतील तरच तो कीबोर्ड मराठीचा. रंग, दिवे, जाडी हे सगळं त्यानंतर.

टायपिंगची ३० किंवा ४० शब्दांची सरकारी परीक्षा दिलेले तुमच्यात बरेच आहेत. तुमची तयारी झालेलीच आहे. जी मांडणी इन्स्टिट्यूटमध्ये शिकलात तीच फोनवर मिळते का, एवढंच बघा.

आणि ज्यांना टायपिंग अजिबात येत नाही त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे. गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं. मजकूर बोलून टाका आणि कीबोर्ड फक्त दुरुस्तीला वापरा. अशा माणसाला कीबोर्डवर काय हवं? बाणांची चार बटणं सुटी आणि नीट मापाची, डिलीट, आणि आकड्यांची सलग ओळ. बोललेला मजकूर बहुतेक ठीक येतो, पण दर मात्र हातानेच टाका. अडीचशे आणि साडेतीनशे यांतला घोटाळा कोटेशनमध्ये परवडत नाही.

जोडणी, झोप आणि बॅटरी

ब्लूटूथ कीबोर्ड वीज वाचवायला काही मिनिटांत झोपतो. पहिलं बटण दाबलं की जागा होतो, परत जोडला जायला एक-दोन सेकंद घेतो, आणि तेवढ्यात दाबलेली अक्षरं कधी कधी गायब होतात. घरी ठीक आहे. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना दर वेळी हे होत असेल तर चिडचिड होते. दुकानात बघताना कीबोर्ड जोडा, गप्पा मारत दहा मिनिटं थांबा आणि मग टाइप करा. विक्रेता घाई करेल, करू द्या.

बॅटरीत दोन प्रकार. आत बसवलेली, चार्ज करायची, किंवा बारीक सेल घालायची. घडीच्या कीबोर्डमध्ये बहुधा आत बसवलेलीच असते. ती दोन-तीन वर्षांनी दमली की बदलून मिळणं अवघड. गावाकडे काम असेल तर सेलवाला बरा, सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. चार्जिंगवाला घेतलात तर त्याचं भोक तुमच्या फोनच्या चार्जरचंच असू द्या. दोन वायरी सांभाळायला लागल्या की त्यातली एक नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

एकच कीबोर्ड दोन-तीन उपकरणांना जोडून बटणाने बदलता येत असेल तर चांगलंच, उद्या टॅब किंवा लॅपटॉप घेतलात तरी तो कामाला येईल.

फोन उभा ठेवायचा स्टँड वेगळा घ्या. कीबोर्डसोबत येणारे प्लास्टिकचे स्टँड बहुतेक तकलादू असतात. फोन डोळ्यांपासून नेहमीपेक्षा लांब ठेवावा लागतो, म्हणून अक्षरांचा आकार सेटिंगमधून एक पायरी वाढवा. आणि हेही सांगून ठेवतो, कीबोर्डने लिहिणं सोपं होतं, पडदा मोठा होत नाही. तुमचं मुख्य काम वीस रकान्यांचा एक्सेलचा तक्ता असेल तर तुम्हाला मोठा स्क्रीन हवा. त्यासाठी पैसे साठवा, कीबोर्डवर खर्चू नका.

व्हॉट्सॲप वापरताना एक सावधगिरी. त्यात एंटर दाबल्यावर संदेश जावा अशी एक सेटिंग असते. ती चालू असेल तर पुढच्या ओळीवर जायला एंटर दाबाल आणि अर्धवट कोटेशन गिऱ्हाइकाकडे जाईल. त्यामुळे लांब मजकूर नोट्समध्ये किंवा डॉक्समध्ये लिहा, एकदा वाचा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी आणि मग चॅटमध्ये कंट्रोल-व्ही.

बिल आणि शिक्का

वायरलेस कीबोर्ड भारतात विकायचा असेल तर त्याला बीआयएसची नोंदणी लागते. कीबोर्डच्या मागे किंवा खोक्यावर इंग्रजी आर हे अक्षर आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून नोंदणी खरी आहे का ते बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. फूटपाथवरच्या स्वस्त मालावर बहुधा हा क्रमांक नसतो, आणि मग वॉरंटीचा प्रश्नच येत नाही.

कीबोर्डवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावावर, तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, म्हणजे तो कर परत वजा करून मिळतो. कंपोझिशन योजनेत असाल तर ही वजावट मिळत नाही. नोंदणीच नसेल तरी बिल घ्या. वर्षाच्या शेवटी खर्चाच्या बाजूला तो कागद लागतो, आणि बदलून घ्यायचा झाला तर आधी बिलच मागतात.

ऑनलाइन घेताना रिटर्नची अट नीट वाचा. 'पैसे परत' आणि 'फक्त बदलून' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडणीच तुम्हाला जमत नसेल तर तोच कीबोर्ड बदलून घेऊन काय करणार? पैसे परत मिळणार असतील तिथूनच घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीतली सात दिवसांची नोंद आजपासून सुरू करा. रविवारी तीन गट पाडा. तिसरा गट मोठा निघाला तर सोमवारी कोणाचा तरी कीबोर्ड मागून ते पाच शब्द तुमच्या फोनवर लिहून बघा. तिथे पास झालात तरच पट्टी घेऊन दुकानात जा.

कीबोर्ड घरी आला की पहिल्याच दिवशी तुमचं खरं काम त्यावर करा. मागच्या महिन्यातलं एखादं कोटेशन पुन्हा पूर्ण टाइप करा, घड्याळ लावून. तेच फोनवर अंगठ्याने करायला किती वेळ लागतो तेही मोजा. पहिल्या दिवशी कीबोर्डवर जास्त वेळ लागेल, घाबरू नका. रोज २० मिनिटं तेच कोटेशन लिहा आणि वेळ वहीत टाका. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा खाली यायला लागला पाहिजे. नाहीच आला, किंवा च आणि य शोधताना बोट अजून अडखळतंय असं दिसलं, तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा. तोपर्यंत खोकं, आतली पिशवी आणि चार्जिंगची वायर जपून ठेवा, आणि स्टिकर लावायची घाई करू नका.